मा. जवळ ठेवले

३ एप्रिल, गुरुवार

आज अंकुशचं लॉकर उघडलं. किल्ली त्याच्यासोबतच गेली, म्हणून नत्थूजींनी कुलूप तोडलं. तीस वर्षं झाली त्यांना या लॅबमध्ये अटेंडंट म्हणून, पण हातोडी इतकी हळू मारत होते की शेवटी मीच म्हटलं, द्या इकडे. दोन ठोक्यांत तुटलं. आत एक ॲप्रन, संत्र्याच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट आणि त्याची प्रयोगाची वही.

भोयर सर म्हणाले, वही तू घे, तुझ्या शेजारच्याच टेबलावर असायचा तो.

शेजारच्या टेबलावर! बरोबर आहे सर. तीन वर्षं शेजारच्याच टेबलावर होता.

घरी आल्यावर आईने विचारलं, डोळे काहून लाल झाले? म्हटलं, राख गेली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहण्याचा हा एक फायदा आहे. रडण्याला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

५ एप्रिल, शनिवार

सरांनी बसवून घेतलं आणि पेपरचा विषय काढला.

जस्त माझं, कॅडमियम त्याचं — अशी वाटणी पहिल्या वर्षीच झाली होती. कार्बनी रेणूंचे दुवे घ्यायचे, त्यांनी धातूचे अणू एकमेकांना जोडत जायचे, न संपणारी जाळी बांधायची, आणि ती अतिनील दिव्याखाली चमकते का ते बघायचं. एवढ्यासाठी पीएच.डी.ची पाच-पाच वर्षं जातात. माझं जस्ताचं निळं चमकतं. त्याची रचनाही कळलेली आहे, कोनापासून अंतरापर्यंत. अंकुशचं कॅडमियमचं हिरवं चमकतं. जानेवारीत आम्ही दोघांनी दिव्याच्या काळ्या पेटीत डोकं घालून पाहिलं होतं, कपाळाला कपाळ लागेपर्यंत.

पण स्फटिक आले होते तीन. दोन सुईने उचलतानाच तडकले. तिसरा बाहेरगावी एक्स-रेला पाठवला तो वाटेतच कोरडा पडून पांढरा झाला. रचना कळायला एक तरी धड स्फटिक लागतो. नुसती पूड कितीही चमको, तिला कोणी विचारत नाही.

सर म्हणाले, मेअखेरपर्यंत स्फटिक आले तर पेपर दोन्ही धातूंवर, दोघांच्या नावाने. नाही आले तर फक्त जस्तावर. अंकुशचे आपण शेवटी आभार मानू.

आभार! बारीक अक्षरात, यंत्र वापरू देणाऱ्यांच्या खाली!

मी म्हटलं, स्फटिक येतील सर.

६ एप्रिल, रविवार

जे कुणालाच सांगितलं नाही ते इथे तरी लिहून ठेवते.

होळीच्या आदल्या दिवशी मी त्याच्याशी भांडले. दिवाळीनंतर आमच्याबद्दल घरी सांगतो म्हणाला होता, मग संक्रांतीनंतर, मग कापूस विकल्यावर. त्याचं घर सावनेरच्या पुढे, शेतीवालं, कुणब्यांचं. आम्ही बौद्ध. आजोबा छप्पन्नच्या दीक्षेला स्वतः उभे होते, हे आमच्या घरी आल्यागेल्याला सांगतात. मी म्हटलं, सरळ सांग, भीती वाटते ना? तो हसला. ते हसणं मला सहन झालं नाही. म्हटलं, या वेळी घरी सांगितल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस. आधी सांग, मग बोलू.

"सांगतो ना वं. उद्याच सांगतो," म्हणाला.

होळीच्या दिवशी सकाळी आठला त्याचा मेसेज आला — निघालो. दुपारी दीडला फोन आला. मी उचलला नाही. आधी सांग, मग बोलू — ठरवलं होतं ना मी! दोनला सावनेरच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकखाली त्याची गाडी गेली.

सावनेर म्हणजे तासाभराचा रस्ता. आठला निघालेला माणूस दोन वाजता वाटेतच कसा? कुठे बसला होता इतका वेळ? चहाच्या टपरीवर हिंमत गोळा करत असणार. आणि दीडला मला फोन केला तो, जमत नाही गं, असं सांगायलाच असणार.

सगळे म्हणतात, बिचारा सणाला घरी जाताना गेला. कुणाच्या सांगण्यावरून जात होता, ते मला एकटीला ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही विभागातले सगळे जीप करून गेलो होतो. त्याचे वडील रामाजी अंगणात बाजेवर बसले होते, आई आत. त्याची बहीण काजल पाणी घेऊन आली. सरांनी ओळख करून दिली, या मायामॅडम, लॅबमधल्या. मी नमस्कार केला. किती वाजता झालं, कुणी पाहिलं, शेवटचं काही बोलला का — हे विचारायला काही नातं लागतं. मॅडमने एक ग्लास पाणी पिऊन परत यायचं असतं. तशी आले.

८ एप्रिल, मंगळवार

त्याची वही पूर्ण वाचली. मजकूर इंग्रजीत, सरांना दाखवण्यापुरता. समासात पेन्सिलीने त्याचं स्वतःचं मराठी. स. म्हणजे सर. न. म्हणजे नत्थूजी. "न. ला सांगून फ्रीज बंद." "स. चिडले, पुन्हा करणे."

डिसेंबरच्या पानावर, त्या तीन स्फटिकांच्या खेपेसमोर — "मा. जवळ ठेवले. २१ दिवस." खाली दोन रेघा.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेलाही तेच — "मा. जवळ ठेवले. दुसरी खेप. या वेळी चांगले येणार."

ती दुसरी खेप कुठे आहे? लॅबमध्ये तर नाही. टेबलं, फ्रीज, भट्टीची मागची बाजू, सगळं पालथं घातलं.

मग ट्यूब पेटली. मा. म्हणजे माठ! खिडकीजवळ नत्थूजी उन्हाळा-हिवाळा माठ भरून ठेवतात. खाली वाळू, कायम ओलसर, गार. स्फटिकाला हेच तर लागतं — गारवा, एकसारखं तापमान आणि कुणी न हलवणं. दुसरी खेप सांडली असेल, तुटली असेल. हरकत नाही. त्याच्याच मापाने नवीन द्रावण केलं, गाळलं, सहा बाटल्यांच्या तोंडांवर फॉइल लावून सुईने भोकं पाडली आणि माठाजवळच्या वाळूत रोवून दिल्या.

नत्थूजी एवढंच म्हणाले, "बेटा, तो तं इथं काही ठेवत नव्हता."

तुमच्या लक्षात नसेल, म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. बाबा पांढरा शर्ट घालून पहाटेच तयार. दीक्षाभूमीला सगळे गेले. मी डोकं दुखतं म्हणून पडून राहिले. मागच्या वर्षी तो आला होता माझ्यासोबत. त्या गर्दीत रांगेत उभ्या आयाबायांना पाण्याचे पाऊच वाटत सुटला, मी शोधत बसले.

१९ एप्रिल, शनिवार

लॅबमध्ये कूलर सुरू झाला. सगळं टेबल थरथरतं. मी दोनदा बंद केला, जुनिअर पोरांनी तीनदा लावला. त्रेचाळीस डिग्रीत त्यांना तरी काय बोलणार! बाटल्यांखाली फोम दिला.

२९ एप्रिल, मंगळवार

एकवीस दिवस झाले. सहाही बाटल्यांत पूड. पिठासारखी.

३० एप्रिल, बुधवार

रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःचीच लाज वाटली. मा. म्हणजे माठ कसा असेल? स. सर, न. नत्थूजी — त्याची एका अक्षराची खूण माणसासाठी असते. मग मा. म्हणजे मी. माया.

तो चिडवायचा नेहमी. आमच्याकडे बोलताना माझ्या-ला माया म्हणतात. माया घरी, माया मायबापानं. तुझं नावच माझं आहे, म्हणायचा, तू कुठेही गेलीस तरी लोक माया-माया करून तुला माझीच म्हणणार. मी म्हणायचे, असले विनोद सावनेरात चालतात, शहरात धरमपेठेत नाही. त्यावर अजूनच हसायचा.

माझ्या टेबलाचा खालचा खण खोल आहे, आणि त्याला कुलूप नाही. माझ्या नकळत तिथे ठेवल्या असतील बाटल्या त्याने. वर माझे कागद, खाली त्याचे स्फटिक! खण पार रिकामा करून पाहिला. नव्हतं काही. तरी सहा नवीन बाटल्या आत ठेवल्या, कूलरचे हादरे लागू नयेत म्हणून माझी ओढणी गुंडाळून खाली अंथरली. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. आईने खीर केली. विहारात मेणबत्ती लावताना मनात त्याचं नाव घेतलं. मागे आई उभी होती. घरी येताना म्हणाली, "कोनाच्या नावाची लावली?" मग तिने माझ्या हातातली पिशवी स्वतः घेतली. तिला कळलंय बहुतेक.

माझ्या जस्ताच्या रचनेचं चित्र आज पुन्हा काढून बसले. दोन जाळ्या एकमेकींत घुसलेल्या, दोघींत बंध एकही नाही, पण तोडल्याशिवाय सुटत नाहीत. अंकुश म्हणायचा, याची फ्रेम करून दोन्ही घरी लावू, सांगायची गरजच नाही. मी म्हणायचे, फ्रेमच्या मागे लपायचं आहे का तुला? किती टाकून बोलायचे मी त्याला! एका पेपरच्या चित्रावरूनसुद्धा भांडले.

२१ मे, बुधवार

खणातही पूडच.

२२ मे, गुरुवार

सरांनी विचारलं. सांगितलं. म्हणाले, तू केलंस ते पुष्कळ केलंस, आता जस्ताचा मसुदा पक्का करायला घे.

त्या मा. मध्ये मला माझंच नाव हवं होतं. खरं तेच आहे. पुरावा कुणी मागत नव्हतं, तरी मला लिहिलेलं हवं होतं कुठेतरी, निदान एका अक्षरात, की मी त्याची कोणी होते.

२६ मे, सोमवार

नवतपा लागला, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. सकाळी नत्थूजी सरांकडे सुट्टीचा अर्ज घेऊन उभे होते. सरांनी कारण विचारलं. म्हणाले, "मायची तब्येत बरी नाही साहेब. दोन दिवस मायजवळ राहून येतो."

मायजवळ!

माझ्या हातातून पिपेट पडली. फुटली. फुटू दे.

आमच्या घरी आई म्हणतात. अंकुशही लॅबमध्ये बोलताना आईच म्हणायचा, नीटनेटकं. पण घरून फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा — हो माय, जेवलो माय, येतो ना वं माय. तीन वर्षं त्या जिन्यातून मी ते ऐकलं. आणि वही उघडली तेव्हा मला आधी माठ दिसला, मग मी दिसले. त्याची माय दिसलीच नाही.

रसायन लॅबबाहेर न्यायची सक्त मनाई. सरांनी त्यावरून एकाला महिनाभर बाहेर बसवलं होतं. म्हणून तर पूर्ण शब्द लिहिला नाही त्याने! डिसेंबरमध्ये तीन आठवडे आजारी मायला बघायला म्हणून दर रविवारी जात होता. माय ठणठणीत होती, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, घरी सांगायची तयारी चालली असेल.

म्हणजे दुसरी खेप तिच्याकडे आहे. असेल. साडेतीन महिने झाले. आटून गेली असेल, की घर आवरताना फेकली असेल? तो गेल्यावर कुणाला सुचणार आहे बाटली सांभाळणं?

२८ मे, बुधवार

गेले.

सावनेरपर्यंत एसटी, पुढे शेअर ऑटो. जाताना रस्ताभर डोळे मिटून बसले होते. कुठलं वळण ते मला बघायचं नव्हतं.

रामाजी त्याच बाजेवर होते. काजल ओळखीचं हसली आणि आत गेली. इंदूबाई — त्याची आई — बाहेर आल्या. मी उभ्या-उभ्याच विचारलं, अंकुशने घरी एखादी बाटली ठेवली होती का, काचेची, लहान, वर चांदीसारखा कागद. गोष्ट कामाची आहे, त्याच्या नावाचं काम आहे. हे सगळं पाठ करून गेले होते.

त्या मला हाताने या म्हणाल्या. आत कापसाची खोली. आता रिकामी, खाली सरकी पडलेली. कोपऱ्यात एक टोपलं, त्यात घमेलंभर कापूस. डिसेंबरात खोली छतापर्यंत भरलेली असणार. थंडी नाही, ऊन नाही, हादरा नाही. चांगल्या चांगल्या लॅबला असली जागा मिळत नाही! सगळा कापूस विकला गेला, तरी तेवढा त्यांनी ठेवून घेतला होता.

कापूस बाजूला करून त्यांनी बाटली काढली. झाकण घट्ट लावलेलं. काचेवर निळ्या शाईची रेघ — त्याचीच.

"त्यानं सांगतलं होतं, या खेपी सावकाश आटन, पानी या रेघीवर आलं का कागद काढजो अन् झाकन घट्ट लावजो. कोरडं पडू देजो नको," त्या म्हणाल्या. "मी रोज पाहो. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आलं रेघीवर. लावलं झाकन. मंग साबनानं हात धुतले, त्यानं सांगतल्यासारखे."

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. मुलगा जाऊन चौदा दिवस झालेले, घरात पाहुणे, भांडी, आणि ही बाई कापसाच्या खोलीत येऊन द्रावणाची पातळी बघतेय. त्या दिवसांत मी लॅबला दांड्या मारून गादीवर पडले होते.

दारातल्या उजेडात बाटली धरली. तळाशी स्फटिक. साखरेच्या दाण्याएवढे, फिकट पिवळे, कडा स्वच्छ. मी मोजायला लागले आणि मोजता येईना. इंदूबाईंनी माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पदर लावला तोंडाला आणि चुलीकडे गेल्या.

मला ते कळलं नाही. लॅबच्या मॅडमचा हात असा कोणी धरतं का?

परत जाताना रामाजींनी मला ऑटोने जाऊ दिलं नाही. गाडीवर स्टँडपर्यंत सोडलं. बस येईतो माझी पिशवी हातात धरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, पोचली का फोन कर.

बाटली कापसात गुंडाळून मांडीवर ठेवून आणली. पोचल्याचा फोन केला. काजलने उचलला.

२९ मे, गुरुवार

दुपारी काळ्या पेटीत दिवा लावला. नत्थूजी परत आले होते, त्यांनाच बोलावलं. पेटीत माझ्याशेजारी डोकं घालून पाहिलं त्यांनी. हिरवा उजेड. जानेवारीतल्यापेक्षा कितीतरी जास्त. अकरा स्फटिक. नत्थूजी वाकूनच म्हणाले, पोरानं केलं गा काम.

मी तिथेच रडले. मोठ्याने. राखेचं कारण द्यायला तिथे कोणी नव्हतं.

सरांना सगळं सांगितलं. आधी भडकले — कॅडमियम घरी! कापसात! मग खुर्चीत बसले, चष्मा काढला, त्याच्या आई कशा आहेत विचारलं. दोन स्फटिक त्यांच्या देखतच द्रावणासकट बंद केले. एक्स-रेला आता मी स्वतः घेऊन जाणार, पार्सलने नाही.

पेपरवर पहिलं नाव अंकुशचं ठेवा म्हटलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, विचारतील. विचारलं नाही. पेनाने माझं नाव खोडून खाली लिहिलं, वर त्याचं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं ना? त्याला मी रस्त्यावर पाठवलं, हे त्या नावाने बदलत नाही.

३१ मे, शनिवार

सकाळी काजलच्या फोनवरून त्याची माय बोलली. त्या दिवशी तू आली तं तोंडच उघडलं नाही वं माहं, म्हणाली. होळीच्या दिवशी तो नऊलाच घरी पोचला होता. सगळं सांगितलं. वडील दुपारपर्यंत गप्प बसले, मग हो म्हणाले. मला फोन लावला त्याने, तिच्यासमोर. मी उचलला नाही. तेव्हा म्हणाला, "आता जाऊनच सांगतो. तिचं तोंड पाहाचं आहे मले." तिने चार पुरणपोळ्या बांधून दिल्या, माझ्यासाठी. मीनं थांब म्हनलं असतं तं थांबला असता, म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिला माय म्हटलं.

तो जात नव्हता. येत होता.